दुबईतल्या एफ-१५० ला कुठला सुपरचार्जर? तीन कोटेशनं पाहून दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मोठा भाऊ दुबईत असतो. त्याच्याकडे २०१९ ची फोर्ड एफ-१५० आहे, ५.० लिटर व्ही-८, फोर बाय फोर, चार दारांची. रोज ऑफिस, हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी वाळूत, कधीमधी मागे जेट स्कीचा ट्रेलर. सुपरचार्जरसाठी (इंजिनात जास्त हवा कोंबणारं, पट्ट्यावर फिरणारं यंत्र) तीन ठिकाणांहून भाव आलेत: व्हिपलचा ३ लिटरचा ट्विन-स्क्रू, राउशचा २.६५ लिटरचा (आत ईटन कंपनीचे टीव्हीएस जातीचे रोटर), आणि प्रोचार्जरचा सेंट्रिफ्यूगल. हॉर्सपॉवरचा आकडा सेंट्रिफ्यूगलवाल्याने सगळ्यात मोठा सांगितलाय आणि पैसे सगळ्यात कमी. कुठला घ्यावा? शिवाय मुलुंडला माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे, तिला असं काही बसवता येईल का?

निकाल आधी सांगतो. सेंट्रिफ्यूगल या गाडीला नको. उरलेल्या दोघांत मी टीव्हीएसवाला घेईन, किटबरोबर जी पुली येते तीच ठेवून. ट्विन-स्क्रू वाईट नाही, उलट यंत्र म्हणून तोच जास्त देखणा. पण त्याचा खरा फायदा जिथे सुरू होतो तिथवर तुमच्या भावाने आत्ताच्या इंजिनात जाऊच नये. व्ही-क्रॉसचं शेवटी बघू, तिथे उत्तर छोटं आहे.

मी आखातात बरीच वर्षं अमेरिकन व्ही-८ गाड्यांवर काम केलं, आता शिवडीला शेड आहे. तिकडची जुनी गिऱ्हाइकं अजून डेटा लॉग (इंजिनाच्या कॉम्प्युटरने नोंदलेले आकडे) पाठवत असतात आणि मी ते इथे बसून वाचतो. त्या लॉगमध्ये हॉर्सपॉवर कुठेच लिहिलेली नसते. तापमान असतं, स्पार्क किती मागे ओढला (ठिणगी किती उशिरा दिली) ते असतं, फ्युएल प्रेशर असतं. इंजिन टिकणार की बसणार ते या तीन ओळींत दिसतं. म्हणून डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावरून सुपरचार्जर निवडणं मला पटत नाही. डायनोवर बॉनेट उघडं असतं, समोर मोठा पंखा असतो, एकदा जोर लावून मोजतात आणि गाडी थंड होऊ देतात. दुबईच्या ऑगस्टमध्ये शेख झायेद रोडवर दुपारी बॉनेट बंद असतं.

आता यंत्रांकडे येऊ. टीव्हीएस म्हणजे रूट्स पद्धतीच्या ब्लोअरचा (सुपरचार्जरला आम्ही ब्लोअरही म्हणतो) सुधारलेला अवतार, म्हणून सुरुवात तिथून. जुना रूट्स पद्धतीचा ब्लोअर मुळात गाडीसाठी बनलाच नव्हता. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि तो लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरवायला लागला. दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि रहाटाची गाडगी पाणी उचलून ओततात तशी हवा एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. आत दाब तयार होत नाही. इंजिन जेवढी हवा घेऊ शकतं त्याहून जास्त पुढे ढकलली गेली की इन्टेकमध्ये (इंजिनात हवा शिरते त्या वाटेत) कोंडते आणि दाब तिथे वाढतो. या कोंडण्यात पुढची दाबलेली हवा मागे रोटरमध्ये घुसते, घुसळते, तापते. ईटनच्या जुन्या एम मालिकेत रोटरला तीन लोब (पाकळ्या) आणि ६० अंशांचा पीळ होता. १९९९ ते २००४ ची फोर्डची एसव्हीटी लायटनिंग पिकअप आठवत असेल, तिच्या ५.४ लिटर इंजिनावर यातलाच एम-११२ कंपनीतूनच बसवलेला असायचा. टीव्हीएसमध्ये चार लोब आले आणि पीळ १६० अंशांचा झाला. त्यामुळे हवा आडवी घुसळली जाण्याऐवजी सरळ पुढे सरकते, आवाज कमी, उष्णता कमी. ईटन हे रोटर बनवतं. मॅग्नसन, एडलब्रॉक, राउश वगैरे मंडळी त्याभोवती आपापलं मॅनिफोल्ड आणि इंटरकूलर (तापलेली हवा थंड करणारा भाग) उभं करतात. म्हणजे दोन वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत रोटर एकाच घरचे असू शकतात. फरक असतो तो इंटरकूलरच्या आकारात, पट्ट्याच्या मांडणीत आणि ट्यूनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंगमध्ये.

ट्विन-स्क्रूचं मूळ स्वीडनच्या आल्फ लिशोल्म यांच्या १९३० च्या दशकातल्या कामात आहे. यात दोन स्क्रू असतात, एक नर एक मादी, आणि त्यांच्यातली पोकळी पुढे जाता जाता लहान होत जाते. हवा आतच दाबली जाऊन बाहेर पडते. जास्त दाबाला हे फार कार्यक्षम आहे. पण याची दुसरी बाजू कोटेशनवाले सांगत नाहीत: पाय हलका असताना, बायपास (हवा वळवून परत नेणारी झडप) उघडा असतानाही आतलं दाबणं पूर्ण थांबत नाही. ऑफिसच्या रस्त्यावर ८० च्या वेगाने जाताना टीव्हीएस बायपासमधून जवळजवळ मोकळा फिरतो, ट्विन-स्क्रू थोडं काम करत राहतो. फरक मोठा नाही, पण रोजच्या गाडीत रोज असतो.

सेंट्रिफ्यूगल म्हणजे टर्बोचा पुढचा अर्धा भाग, फक्त एग्झॉस्टऐवजी पट्ट्यावर आणि गिअरवर फिरणारा. कार्यक्षमता उत्तम, हवा तुलनेने थंड, आणि समोर हवेवर चालणारा इंटरकूलर लावता येतो; पाणी, पंप, जास्तीचा रेडिएटर काही नको. हलकी कूपे असेल, इंजिन ५ हजारांच्या वर खेळवायचं असेल, तर मी स्वतः हाच सुचवतो. अडचण अशी की यात दाब फिरण्याच्या वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,५०० आरपीएमला ८ पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप) देणारा सेंट्रिफ्यूगल त्याच्या अर्ध्या आरपीएमला, म्हणजे ३,२५० ला, २ च्या आसपास देतो. तुमच्या भावाची गाडी सव्वादोन टनांच्या घरात. वाळूच्या टेकाडावर चढताना टायरची हवा कमी केलेली, इंजिन अडीच-तीन हजारांवर, आणि तिथेच ओढ हवी. त्या क्षणी सेंट्रिफ्यूगल झोपलेला असतो. मग माणूस काय करतो? पाय आणखी दाबतो, आरपीएम चढतो, बूस्ट (ब्लोअरने वाढवलेला दाब) एकदम येतो, चाकं वाळू उकरतात आणि गाडी पोटावर बसते. कोटेशनवरचा तो मोठा आकडा खोटा नसेल. तो अगदी टोकाच्या आरपीएमला आहे, आणि तिथे ही गाडी दिवसभरात किती सेकंद जाते ते भावाला विचारा.

कंपन्यांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. राम १५०० टीआरएक्सने ६.२ लिटर इंजिनावर २.४ लिटरचा ट्विन-स्क्रू बसवून ७०२ हॉर्सपॉवर दिली. फोर्डने २०२३ च्या रॅप्टर आर मध्ये ५.२ लिटर इंजिनावर २.६५ लिटरचा टीव्हीएस बसवून ७०० दिली. एकाने स्क्रू घेतला, एकाने टीव्हीएस, दोघांनी वॉरंटीसकट विकले. जड पिकअपसाठी सेंट्रिफ्यूगल दोघांनीही घेतला नाही. आणखी एक गोष्ट या दोन्ही इंजिनांत सारखी आहे: कॉम्प्रेशन रेशो (सिलेंडरमध्ये हवा कितीपट दाबली जाते ते) ९.५ ला १. तुमच्या भावाचं २०१८ नंतरचं कोयोटी (फोर्डच्या ५.० लिटर व्ही-८ चं नाव) इंजिन आहे, त्याचा रेशो १२ ला १. कंपनीने सुपरचार्जर द्यायचा ठरवला की ती पिस्टन बदलते, कॉम्प्रेशन खाली आणते. किट विकणारा तुमच्या मूळ पिस्टनवरच किट चढवतो. त्यामुळे टीआरएक्सला चालणारा बूस्ट आपल्यालाही चालेल हा हिशेब चुकीचा.

आता उष्णतेचा हिशेब. प्रत्येक किटाचा बूस्ट पुलीप्रमाणे बदलतो, म्हणून समजण्यासाठी ८ आणि १२ पीएसआय घेऊ. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय. मुंबई काय आणि दुबई काय, दोन्ही समुद्रकाठची, त्यामुळे हा आकडा दोन्हीकडे तोच. ८ पीएसआय म्हणजे दाबाचं गुणोत्तर १.५४. बाहेरची हवा ४५ अंश सेल्सिअस धरली आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ७० टक्के, तर रोटरमधून बाहेर पडणारी हवा साधारण १०५ अंशांची. तेच जुन्या रूट्सची ५५ टक्के धरली तर १२१. आता १२ पीएसआय घ्या: ७० टक्केवाला १३० वर जातो आणि ५५ टक्केवाला १५३ वर. इंटरकूलरचं पाणी ५५ अंशांचं आहे आणि इंटरकूलर ७० टक्के उष्णता काढून घेतोय असं धरलं, तर चांगल्या यंत्रात ८ पीएसआयला इंजिनात जाणारी हवा ७० च्या आसपास राहते, १२ ला ७७-७८. हेच गणित मुंबईच्या ३३ अंशांत, पाणी ४३ अंशांवर धरून केलं की ८ पीएसआयला ५७ येतं.

म्हणजे दुबईत ८ पीएसआयवर जी हवा मिळते ती आपल्याकडच्या हवेपेक्षा १३ अंशांनी गरम, आणि तीही पाणी ५५ वर राहिलं तर. ट्रॅफिकमध्ये एसी चालू ठेवून वीस मिनिटं रांगेत उभं राहिलं की ते ५५ वर राहत नाही. सुपरचार्जरच्या पाण्याचा छोटा रेडिएटर एसीच्या कंडेन्सरच्या पुढे असतो, मागे मोठा रेडिएटर, गाडी उभी, हवा फक्त पंख्याची. सायन सर्कलला सिग्नलवर अडकलेल्या गाडीत हेच होतं, फक्त दहा-बारा अंश खाली. सुपरचार्जरचं ॲल्युमिनियमचं धूड इंजिनाच्या दोन्ही रांगांच्या मधोमध, डोक्यावरच बसलेलं असतं. ते खालून तापतं आणि मग रस्ता मोकळा झाल्यावर पहिल्या एक्सलरेटरला कॉम्प्युटर स्पार्क मागे ओढतो. भाऊ म्हणणार, 'पैसे खर्च केले आणि गाडी मूळच्यापेक्षा मंद.' असे फोन मला दर जूनमध्ये येतात.

दमट हवेचंही थोडं. ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेतला साधारण ४ टक्के हिस्सा वाफेचा असतो. तेवढा ऑक्सिजन कमी. मुंबईत मे महिन्यात गाडी आळशी वाटते त्यात याचा वाटा आहे. वाफेमुळे नॉकिंग (सिलेंडरमध्ये इंधन आपोआप भडकून बसणारे ठोके) मात्र थोडं दबतं, त्यामुळे दमट हवा इंजिनाची शत्रू नाही. कोरडी तापलेली हवा जास्त वाईट.

म्हणून विकणाऱ्याला हॉर्सपॉवर विचारूच नका. 'याच इंजिनाच्या, याच वर्षाच्या, इथल्याच गाडीचा उन्हाळ्यातला लॉग दाखवा, पाठोपाठ तिसऱ्यांदा फुल थ्रॉटल दिल्यानंतरचा,' असं म्हणा. त्यात इंटरकूलरनंतरचं हवेचं तापमान किती चढलं, नॉक सेन्सरने किती अंश स्पार्क मागे घेतला, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ०.८० ते ०.८२ च्या आसपास राहिला का, आणि फ्युएल प्रेशर शेवटपर्यंत टिकलं का, एवढं बघायचं. ज्याच्याकडे असा लॉग आहे त्याच्याकडे काम द्या, मग तो व्हिपल विकत असो की राउश. हे मी मनापासून सांगतो: या दोन किटांतला फरक चांगल्या आणि वाईट ट्यूनरमधल्या फरकापेक्षा लहान आहे. दुबईत व्हिपल नीट जाणणारा माणूस असेल आणि राउशवाला नुसता डबा मागवून बसवणारा असेल, तर माझा वरचा निकाल उलटा वाचा.

किटाला कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाची, म्हणजे कार्बची, मान्यता त्या मॉडेल वर्षासाठी आहे का तेही विचारा. दुबईत ती लागत नाही, पण मान्यता मिळवायला प्रदूषणाच्या चाचण्या द्याव्या लागतात आणि त्यासाठी थंड इंजिनाचा स्टार्ट, आयडलिंग, हलका थ्रॉटल सगळं नीट ट्यून करावं लागतं. आयडलला धडधडणारी, चेक इंजिनचा दिवा लावून फिरणारी गाडी मग बहुधा मिळत नाही.

पेट्रोलबाबत एक गोंधळ कायम होतो. अमेरिकन किटाच्या पुस्तिकेत '९१ किंवा ९३ ऑक्टेन' लिहिलेलं असतं. तो अमेरिकन पंपावरचा आकडा, दोन पद्धतींच्या मोजमापांची सरासरी. आखातात आणि आपल्याकडे पंपावर आरओएन, म्हणजे त्यातल्या एकाच पद्धतीचा आकडा, लिहितात, तो त्याच पेट्रोलला चार-पाचने मोठा येतो. अमेरिकेचं ९३ म्हणजे इकडचं ९८ च्या आसपास. दुबईत ई-प्लस ९१, स्पेशल ९५ आणि सुपर ९८ अशी तीन पेट्रोलं मिळतात. पुस्तिकेत ९१ वाचून कुणी ई-प्लस ९१ भरलं तर १२ ला १ च्या इंजिनावर बूस्ट देऊन ते पिस्टनच फोडायला निघालेत असं समजा. सुपर ९८, बाकी काही नाही, आणि ट्यूनही त्याच पेट्रोलवर बनवलेला हवा.

नॉकिंगने काय होतं ते एकदा स्पार्क प्लगवर बघून ठेवा. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने कोयोटी पिकअपच्या काढलेल्या प्लगांचे फोटो पाठवले. तिथल्या एका वर्कशॉपने त्याला 'फुकटचे ५० घोडे' म्हणून लहान पुली बसवून दिली होती, ट्यून जुनाच. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरीची पूड उडवल्यासारखे काळे ठिपके, आणि नीट बघितलं तर त्यातले काही चकाकणारे. ते चकाकणारे म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. कानाला त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. एग्झॉस्टच्या आवाजात ऐकू येतही नाही. इंजिन वाचलं कारण त्याने प्लग वेळेवर काढले. तुमच्या भावाला किट बसवल्यावर पहिल्या हजार किलोमीटरला आठही प्लग काढून बघायला सांगा. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे), गॅप साधारण ०.७ मिलिमीटर, मूळ गॅप ठेवली तर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि मग लोक कॉइल बदलत बसतात.

पुलीचं गणित सोपं आहे म्हणूनच धोक्याचं. उदाहरणापुरतं, क्रँकची पुली ६ इंची आणि ब्लोअरची ३ इंची, म्हणजे इंजिन ६,५०० ला असताना ब्लोअर १३,००० ला. ब्लोअरची पुली पावणेतीन इंची केली की तोच १४,१८० च्या घरात. पाव इंचाने हजारावर फेरे वाढले, आणि पुली लहान झाल्याने पट्ट्याची पकड कमी झाली. पट्टा घसरतोय हे ओळखायला मशीन लागत नाही. बॉनेट उघडायचं, ब्लोअरच्या पुलीभोवती बोट फिरवायचं. काळी रबराची बारीक पूड लागली तर घसरतोय. लॉगमध्ये ते असं दिसतं की ५,५०० पर्यंत बूस्ट चढतो आणि पुढे आरपीएम वाढत असताना उतरायला लागतो. वाळूतून आलेल्या गाडीत तर हे फार होतं, कारण पट्ट्याच्या खाचांत वाळू बसते. कॉम्प्रेस्ड एअरने पट्टा आणि आयडलर साफ करायचे, पाण्याने नाही.

आणि ब्लोअर फिरवायलाही इंजिनाचीच ताकद लागते. ८ पीएसआयला पूर्ण जोरात साधारण ३५ हॉर्सपॉवर, १२ ला ६० च्या जवळपास. ही पट्ट्यातून जाते. ३५ आणि ६० मधला फरक पट्टा, टेन्शनर, क्रँकचं पुढचं बेअरिंग यांना रोज सोसावा लागतो.

वाळूचं आणखी एक. रोटर आणि केसिंग यांच्यातली फट अत्यंत बारीक असते आणि रोटरवर कोटिंग असतं. फिल्टरच्या कडेने गळून आत गेलेली वाळू ते कोटिंग खरवडून काढते. जुना एम-११२ खोलला की रोटरच्या कडांना पांढऱ्या धातूच्या रेघा दिसतात, त्या यामुळेच. पुढच्या नळकांड्यात, जिथून पुलीचा शाफ्ट आत जातो, तिथे ईटनच्या जुन्या ब्लोअरना एक कपलर असतो. तो झिजला की आयडलला डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येतो आणि एक्सलरेटर दिला की बंद होतो. लोक घाबरून अख्खा ब्लोअर बदलतात. बदलायचा असतो फक्त कपलर आणि गिअरचं तेल. सेंट्रिफ्यूगल किटांत फिल्टर बऱ्याचदा खाली बंपरच्या मागे किंवा चाकाच्या कोपऱ्यात लावतात. वाळूत तो धूळ ओढतो. आणि अशी गाडी पावसाळ्यात हिंदमाताला नेली असती तर तिने पाणी ओढून कनेक्टिंग रॉड वाकवले असते. वर, मूळ जागेवर बंद पेटीत बसणारा फिल्टर असलेलंच किट घ्यायचं, आणि तेल लावायचा फिल्टर असेल तर कोरडा कागदी घ्यायचा.

इंजिनात एकच काम आधी करून घ्या: ऑइल पंपाचे गिअर आणि क्रँकचा स्प्रॉकेट. कोयोटीमध्ये हे मुळात धातूची पूड दाबून, भाजून बनवलेले असतात. साध्या इंजिनाला पुरतात. बूस्ट दिला, वाळूत चाकं अधांतरी फिरली आणि इंजिन रेव्ह लिमिटरला (आरपीएमच्या वरच्या मर्यादेला) आपटलं की त्या धक्क्याने ते फुटतात, ऑइल प्रेशर शून्य होतं आणि पुढचं तुम्हाला कळतंच. भरीव पोलादाचे गिअर मिळतात. त्यासाठी पुढचं कव्हर उघडावं लागतं, मजुरी लागते, आणि गिऱ्हाईक म्हणतो 'नंतर बघू'. मी मात्र हे काम न करता वाळूत जाणाऱ्या गाडीला सुपरचार्जर बसवायला नको म्हणतो. दहा गिअरचा गिअरबॉक्स तसा तगडा आहे, पण ट्रेलर ओढणार असाल तर त्याचं तापमान पडद्यावर ठेवा आणि तेल कंपनीच्या मुदतीच्या आधी बदला. ट्यूनमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला टॉर्क थोडा आवरून घ्यायला सांगा. खिशाला लागणार नाही आणि मागचा ॲक्सल वाचेल.

पैशांचं म्हणाल तर अशी पूर्ण किटं अमेरिकेत साधारण ८ ते १० हजार डॉलरला जातात. त्यावर वाहतूक, ऑइल पंप गिअर, प्लग, मजुरी आणि ट्यूनिंग. सेंट्रिफ्यूगल स्वस्त दिसतो त्याचं एक कारण असं की काही कोटेशनांत इंजेक्टर, फ्युएल पंप आणि ट्यून धरलेलेच नसतात. तिन्ही कोटेशनं समोर ठेवून 'यात काय नाही' ते लिहून घ्या. पाठवलेल्या तुमच्या तिसऱ्या कागदात ट्यूनचा उल्लेख मला दिसला नाही. शिवाय अमिरातीत परवानगीशिवाय इंजिनात बदल केला तर दंड होतो आणि गाडी जप्तही होऊ शकते. काम देण्याआधी तपासणीचे कागद कोण करणार ते वर्कशॉपकडून लेखी घ्या. नोंदणीच्या नूतनीकरणाला अडकलेली गाडी सोडवणं हे इंजिन उघडण्यापेक्षा त्रासाचं असतं.

ट्विन-स्क्रू कधी? भाऊ पुढेमागे फोर्ज्ड पिस्टन टाकून, कॉम्प्रेशन खाली आणून इंजिन बांधणार असेल, १२-१४ पीएसआयच्या पुढे जाणार असेल, तर आजच ३ लिटरचा व्हिपल घेऊन ठेवणं शहाणपणाचं. त्या दाबाला तो टीव्हीएसपेक्षा थंड चालतो, आणि मोठा असल्याने त्याच हवेसाठी हळू फिरतो. पण तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे गाडी रोज ऑफिसला जाते आणि वहिनीही चालवतात. अशा गाडीला ती वाट कशाला?

आता मुलुंडची व्ही-क्रॉस. तुमचं १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस आणि ३६० न्यूटन मीटर, आणि त्यावर कंपनीचाच टर्बो आहे. डिझेलला एग्झॉस्टमधून फुकट मिळणारी ऊर्जा टर्बो वापरतो. पट्ट्यावरचा ब्लोअर लावून इंजिनाचीच ताकद खर्च करण्यात काही अर्थ नाही. डिझेलला ब्लोअर लावत नाहीत असं नाही. डेट्रॉइट डिझेलच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना रूट्स ब्लोअर लागायचाच, कारण त्याशिवाय सिलेंडरमधला धूर बाहेर जायचा नाही. अमेरिकेतले हॉट रॉडवाले पुढे तेच ब्लोअर भंगारातून आणून पेट्रोल व्ही-८ वर चढवू लागले. तुमच्या फोर-स्ट्रोकला त्याची गरज नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं.

गाडी ओढत नाही अशी तुमची तक्रार असेल तर आधी इंटरकूलरचे रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा तपासून घ्या. पाइपाच्या तोंडाशी तेलकट काळा डाग असेल तर बूस्ट तिथून गळतोय. नवी क्लिप नागदेवीच्या बाजारात मिळेल, पाइप मात्र कंपनीचाच घ्या. त्यानंतर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि ईजीआरची (एग्झॉस्टचा काही भाग इंजिनात परत फिरवणाऱ्या यंत्रणेची) काजळी, याच क्रमाने. जड ऑफ-रोड टायर टाकले असतील तर तेही सांगा. व्ही-क्रॉस घेतल्यावर बरेच जण मोठे टायर टाकतात आणि मग गाडीत दम राहिला नाही म्हणतात.